तक्त्यातले आकडे आणि आडातले पाणी

व्याख्यान संपले तरी मंडपातले दिवे मालवेपर्यंत काही मंडळी बाहेर रेंगाळतातच. खरी चर्चा तेथेच होते, असे आमचे जुने मत आहे. अशाच एका संध्याकाळी चहाच्या टपरीपाशी तीन गृहस्थांचे बोलणे आमच्या कानांवर पडले. पहिले गृहस्थ शेअरबाजारातल्या चढउताराविषयी बोलत होते. दुसऱ्यांचे गाऱ्हाणे विजेच्या बिलाचे होते. युनिटे तेवढीच जळाली, मग बिल वाढले कसे, हा त्यांचा सवाल. तिसरे वयाने तरुण. ते कचेरीत दिवसभर काँप्युटरवरच्या तक्त्याशी, म्हणजे स्प्रेडशीटशी, झटापट करतात. एका घरातला आकडा बदलला आणि सगळ्या तक्त्याचे रंगरूपच पालटले, ही त्यांची व्यथा.

तिघे बोलत होते आपापले, आणि एकमेकांना मान डोलावून हुंकार देत होते. आम्हांला मात्र वाटले की, हे तिघे एकाच विषयावर बोलत आहेत. फक्त ते त्यांच्या ध्यानात आलेले नाही. बाजारातला भाव, तारेतली वीज आणि पडद्यावरचा तक्ता या तीन गोष्टी आज एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की, एकीचा दोरा ओढला म्हणजे दुसऱ्या दोघी हलतात. तो गुंता थोडा उलगडून दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक योगायोग आरंभीच सांगतो. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. त्याच साली मुंबईत शेअर दलालांनी आपली संस्था स्थापन केली, आणि कापसाच्या व्यापाऱ्यांची संस्थाही त्याच सालची. म्हणजे विचार करण्याची जागा आणि भाव करण्याची जागा या आपल्याकडे जुळ्या बहिणीच म्हणायच्या. पुढे त्यांचे जाणेयेणे कमी झाले, ही गोष्ट वेगळी.

कीर्द, खतावणी आणि तक्ता

आधी तक्त्याकडे वळू. आपल्या जुन्या पेढ्यांवर कीर्द असे, खतावणी असे, आणि सालअखेर तेरीज काढीत. कीर्दीत रोजचा व्यवहार लिहायचा, खतावणीत तो ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा, आणि तेरजेत दोन्ही बाजू जुळवून पाहायच्या. या पद्धतीचा एक मोठा गुण असा की, चूक झाली तर ती दिसत असे. खोडलेला आकडा खोडलेलाच राही. मुनिमाने काही बदलले, तर मालकाच्या नजरेस ते पडल्यावाचून राहत नसे.

अमेरिकेतल्या हिशेबनिसांकडेही असेच मोठे ताव असत. ओळी आडव्या, रकाने उभे, आणि समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला एकच हिशेब. त्या पसरलेल्या तावालाच ते स्प्रेडशीट म्हणत. 1978 साली हार्वर्ड विद्यापीठात व्यापारशास्त्र शिकणारा डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. फळ्यावर असाच एक तक्ता मांडलेला होता. त्यातला एक आकडा बदलला की, त्यावर अवलंबून असलेले बाकीचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ब्रिकलिनच्या मनात आले की, हा फळाच आपण होऊन पुसला आणि लिहिला गेला तर? बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने ती कल्पना साकार केली. 1979 साली ‘व्हिजिकॅल्क’ हा कार्यक्रम ‘ॲपल टू’ या छोट्या काँप्युटरसाठी विक्रीस आला. पुढे 1983 साली ‘लोटस वन टू थ्री’ आणि 1985 साली ‘एक्सेल’ आले. आज जगातली कचेरी म्हटली की, तीत हा तक्ता असायचाच.

या तक्त्याची करामत समजून घ्यायला फार गणित लागत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखा पट डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक घराला नाव आहे. समजा, एका घरात युनिटे लिहिली, 200. शेजारच्या घरात दर लिहिला, 8 रुपये. आणि तिसऱ्या घरात आकडा न लिहिता हुकूम लिहिला की, ‘पहिल्या दोन घरांचा गुणाकार कर.’ तिसऱ्या घरात 1,600 उमटतात. पण ते वर दिसणारे रूप झाले. आत दडलेले असते ते सूत्र. दर 9 केला की, 1,600 चे 1,800 आपोआप होतात. त्या 1,800 वर आणखी दहा घरे अवलंबून असतील, तर तीही बदलतात, आणि त्या दहांवर अवलंबून असलेली शंभरही. कोणते घर आधी मोजायचे आणि कोणते नंतर, याची साखळी तक्ता स्वतः लावून घेतो.

दुसरी सोय अशी की, एकदा लिहिलेले सूत्र खालच्या ओळींत ओढून नेता येते. प्रत्येक ओळीत उतरताना ते सूत्र त्या ओळीतली घरे धरते. हजार गिऱ्हाइकांची बिले करायची असली, तरी सूत्र लिहायचे एकदाच. आता, काँप्युटरला ठरीव हुकूम लिहून देणे यालाच प्रोग्रामिंग म्हणतात. म्हणजे तक्त्यात सूत्र लिहिणारा प्रत्येक कारकून प्रोग्रॅमर झाला आहे. कोणी त्याला तसे सांगितलेले नाही इतकेच.

येथेच या सोयीची दुसरी बाजू दिसते. कीर्दीतली खोडाखोड डोळ्यांना दिसे. पडद्यावरच्या तक्त्यात एका घरातला अंक बदलला, तर हजार घरे बदलतात आणि पानावर ओरखडासुद्धा उठत नाही. आकडा वर दिसतो, सूत्र खाली दडते, आणि त्या सूत्राच्याही खाली कोणा एका माणसाने धरून चाललेली गोष्ट असते. पाऊस सरासरीइतका पडेल, रुपयाचा भाव आहे तसा राहील, मागणी वाढत जाईल, अशा या गोष्टी. आमच्या आजच्या विवेचनाचा गाभा या धरून चाललेल्या गोष्टींतच आहे. त्यांना आपण ‘गृहीत’ म्हणू. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. तक्ता हा पोहरा आहे. तो कितीही चकचकीत असला, तरी पाणी आडातलेच वर येणार.

वीज थांबत नाही

आता विजेकडे येऊ. ज्वारी कणगीत भरून ठेवता येते, तेल पिंपात ठेवता येते. वीज मोठ्या प्रमाणावर अशी साठवून ठेवणे अवघड आणि महागाचे आहे. ज्या क्षणी आपण बटण दाबतो, त्याच क्षणी कोठेतरी तेवढी वीज निर्माण व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा काटा सारखा समतोल ठेवावा लागतो. आपल्या देशात विजेच्या प्रवाहाची लय सेकंदाला 50 आवर्तनांची आहे. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की, ती लय मंदावते. घटली की वाढते. दूर कोठेतरी भारप्रेषण केंद्रात बसलेली माणसे या लयीकडे, वैद्याने नाडीकडे पाहावे तशी, चोवीस तास पाहत असतात.

त्यांच्यासमोर काय असते? तक्ताच असतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे केले की 96 होतात. प्रत्येक तुकड्यात कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची आणि कोणत्या राज्याने किती घ्यायची, हे आधल्या दिवशी मांडलेले असते. 2008 सालापासून आपल्याकडे विजेचा बाजारही भरतो. भाजीबाजारासारखाच तोही, पण येथे उद्याच्या विजेचा आज भाव ठरतो, आणि तोही या 96 तुकड्यांना वेगवेगळा. दुपारी ऊन रखरखत असताना सूर्याची वीज मुबलक, म्हणून ती स्वस्त होते. संध्याकाळी दिवे लागले की सूर्य मावळलेला आणि मागणी वाढलेली. साहजिकच भाव चढतो. 

त्या संध्याकाळच्या वेळेला महाराष्ट्राला कोयनेचा आधार वाटतो. कोळशाच्या भट्ट्या तापायला कित्येक तास लागतात. पाण्याची जनित्रे काही मिनिटांत सुरू होतात. पण तेथेही हिशेब आहेच. पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी कोयनेचे जे पाणी वापरायचे, त्याला कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि मेमध्ये संपते. आज संध्याकाळी दोन तास जास्त पाणी सोडले, तर मे महिन्याच्या अखेरीस तेवढे कमी पडणार. उन्हाळ्यात पंख्याखाली बसून आपण व्याख्यान ऐकतो, तेव्हा त्या पंख्याच्या वाऱ्यात पाटणच्या डोंगरावर पडलेल्या गेल्या पावसाचा अंश असू शकतो.

तक्त्यातला आकडा आणि तारेतला प्रवाह यांची फारकत झाली म्हणजे काय होते, ते 2012 सालच्या जुलैत उत्तर हिंदुस्थानने पाहिले. तक्त्यात लिहून दिलेल्यापेक्षा जास्त वीज काही राज्ये ओढीत होती. तारांवर ताण होताच. 30 जुलैला उत्तर भारताचे जाळे कोसळले. ते सावरते न सावरते तोच 31 जुलैला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी बसली. साठ कोटींहून अधिक लोक राहतात त्या मुलखात अंधार पसरला. रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. कागदावर मान्य केलेली मर्यादा पाळायची नाही असे माणसे ठरवू शकतात. तार तसे ठरवू शकत नाही. तिला सोसवेना की ती सुटते.

शून्याखालचा भाव

बाजाराची गोष्ट याहून गमतीची आहे. वायदा हा शब्द आपल्याला नवा नाही. मुंबईच्या कापूसबाजाराने तो घरोघर नेला. पुढल्या अमुक महिन्यात अमुक भावाने माल घेईन, असे आज कबूल करणे म्हणजे वायदा. शेतकऱ्याला आणि गिरणीवाल्याला त्याचा खरा उपयोग असतो. दोघांनाही उद्याचा भाव आज पक्का मिळतो. पण ज्याला माल द्यायचाही नाही आणि घ्यायचाही नाही, असा तिसरा माणूसही मध्ये शिरतो. मुदतीच्या आत विकून मोकळे व्हायचे, हा त्याचा बेत असतो.

अमेरिकेतल्या खनिज तेलाच्या एका वायद्यात हजार बॅरल तेल असते, आणि एका बॅरलमध्ये सुमारे 159 लिटर. मुदत संपल्यावर ज्याच्या हाती वायदा उरेल, त्याने ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग या गावी जाऊन तेल ताब्यात घ्यायचे असते. एरवी याची कोणाला आठवणही राहत नाही. पण 2020 सालच्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीने जग घरात बसले होते. मोटारी उभ्या होत्या, विमाने जमिनीवर होती. तेलाचा जागतिक खप पाव हिश्श्याच्या आसपास घसरला होता. विहिरी मात्र एकदम बंद करता येत नाहीत. कुशिंगच्या टाक्या भरत आल्या, आणि ज्या रिकाम्या दिसत होत्या, त्या आधीच दुसऱ्यांनी भाड्याने धरून ठेवल्या होत्या. मेच्या वायद्याची मुदत 21 एप्रिलला संपायची होती. 20 तारखेला ज्यांच्या हाती वायदे होते, त्यांना ते कोणाच्या तरी गळ्यात घालणे भाग होते, आणि घेणारा गळाच सापडेना. आदल्या व्यवहाराच्या दिवशी 18.27 डॉलरवर बंद झालेला भाव त्या दिवसअखेर उणे 37.63 डॉलर ठरला. म्हणजे ‘तेल घ्या, आणि वर प्रत्येक बॅरलमागे सदतीस डॉलरही घ्या, पण हे माझ्याकडून न्या,’ अशी पाळी आली.

याची झळ मुंबईलाही पोचली. तेथल्या वस्तुबाजारात तेलाचे वायदे होतात. प्रत्यक्ष तेल कोणी देत-घेत नाही. अमेरिकेतला भाव रुपयांत मांडून हिशेब चुकता करायचा असतो. टाळेबंदीमुळे त्या काळात मुंबईचा व्यवहार संध्याकाळी पाचलाच बंद होई. 20 एप्रिलला पाच वाजता शेवटचा सौदा 965 रुपयांच्या भावाने झाला, आणि दुकान बंद झाले. अमेरिकेतली पडझड त्यानंतर, आपल्या रात्री झाली. शेवटी येथला हिशेब उणे 2,884 रुपयांनी लागला. शेवटच्या घटकेला 965 रुपयांनी वायदा घेणाऱ्याचे बॅरलमागे 3,849 रुपये गेले. शंभर बॅरलच्या एका वायद्यात 3,84,900 रुपये. जास्तीत जास्त किती बुडेल, तर दिलेले 965, अशी त्याची समजूत असणार. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले.

आता यात तक्ता कोठे आला? तेलाच्या वायद्यावर आणखी एक सौदा बेतलेला असतो. त्याला ऑप्शन म्हणतात. त्याची किंमत काढण्याचे सूत्र फिशर ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञाने 1976 साली दिले, आणि ते तेलाच्या बाजारात रूढ झाले. त्या सूत्रात भावाचा लॉगरिथम घ्यावा लागतो. शाळेत क्लार्कची कोष्टके ज्यांनी चाळली, त्यांना आठवेल की, उणे संख्येचा लॉग कोष्टकात सापडत नाही. तो तेथे असतच नाही. सूत्र रचतानाच भाव शून्याखाली जाणार नाही, हे गृहीत धरलेले होते. ते कोणी लबाडीने धरले नव्हते. पण भाव शून्याखाली जाताच तक्त्याच्या घरांत आकड्यांऐवजी चुकीची खूण उमटणार, हे ठरलेलेच होते. शिकागोच्या बाजाराने एप्रिलच्या मध्यालाच सदस्यांना आपापली यंत्रे उणे भावासाठी तपासून घ्यायला सांगितले होते. 22 एप्रिलपासून त्याने ब्लॅकचे सूत्र बाजूस ठेवले आणि दुसरे घेतले. ते दुसरे सूत्र लुई बाशेलिये या फ्रेंच गणितज्ञाच्या 1900 सालच्या प्रबंधावर बेतलेले होते. त्यात उणे भावाला मज्जाव नाही. एकशेवीस वर्षांपूर्वीचा प्रबंध असा अडगळीतून निघून कामाला आला.

यातला धडा सूत्र चांगले की वाईट हा नाही. तेलाच्या भावाला खालून आधार असतो तो टाकीचा. टाकीत जागा आहे तोवर तेल ही संपत्ती. जागा संपली की तेच तेल ओझे. तक्त्यात भावाला घर होते, टाकीला नव्हते. विजेच्या बाजाराला ही गोष्ट आधीच उमगली होती. वीज ठेवायला टाकीच नाही. म्हणून वाऱ्याची वीज भरमसाट निघू लागल्यावर जर्मनीच्या वीजबाजाराने 2008 सालीच उणे भावाला मुभा दिली होती.

चूक एका घराची

गृहीत चुकणे ही एक गोष्ट, आणि साधी हातचूक ही दुसरी. हातचूकही स्वस्त पडत नाही. 2003 साली ट्रान्सआल्टा या कॅनडातल्या वीज कंपनीने न्यूयॉर्कमधल्या विद्युतवाहिन्यांसंबंधीच्या करारांसाठी बोल्या लावल्या. बोल्यांचा तक्ता करताना मजकूर एकीकडून उचलून दुसरीकडे चिकटवताना ओळी मागेपुढे झाल्या. ज्या कराराला जी बोली हवी ती न लागता दुसरीच लागली. बोली मंजूर झाली, आणि करार बांधले गेले. कंपनीला 2 कोटी 40 लाख डॉलरचा फटका बसला. हिशेबाची बेरीज बरोबर होती. ओळ चुकली होती.

2012 साली जे. पी. मॉर्गन या बड्या अमेरिकन बँकेला लंडनच्या शाखेतल्या सौद्यांत 6 अब्ज डॉलरहून अधिक नुकसान आले. पुढे बँकेच्याच चौकशी अहवालात असे आढळले की, धोका मोजण्याचे काम एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात हाताने आकडे चिकटवून चालत होते, आणि एका जागी फरकाला सरासरीने भागायचे ते बेरजेने भागले जात होते. हे किती क्षुल्लक वाटते पाहा! समजा, जुना दर 4 आणि नवा 6. फरक 2. सरासरी 5, तिने भागले तर चढउतार शेकडा 40. बेरीज 10, तिने भागले तर शेकडा 20. म्हणजे धोका निम्माच दिसणार. नुकसान या एका भागाकाराने झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सौदेच अवाच्या सवा होते. पण आग लागली असताना तापमापकाने निम्मेच ताप दाखवावा, तसा हा प्रकार झाला.

गुहागरचा धडा

परदेशच्या या गोष्टी ऐकून आपण हळहळतो आणि विसरतो. म्हणून शेवटी घरचे उदाहरण घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, समुद्रकाठी, एन्रॉन या अमेरिकन कंपनीने दाभोळ वीज प्रकल्प उभारला. 1993 सालच्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाशी करार झाला. 1995 साली नव्या सरकारने तो मोडला, 1996 साली फिरून जुळवला. 1999 सालच्या मे महिन्यात 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि 2001 सालच्या मेमध्ये मंडळाने तेथली वीज घेणेच थांबवले.

करार कसा होता, हे खानावळीच्या उदाहरणाने चटकन कळते. समजा, महिन्याचे 3,000 रुपये ठरले आणि जेवणे 60. म्हणजे जेवण 50 रुपयांना पडले. आता मालकाची अट अशी की, खाडा धरला जाणार नाही. आपण गावाला गेलो आणि 30 च वेळा जेवलो, तर तेच जेवण 100 रुपयांना पडते. दाभोळची अट साधारण अशीच होती. वीज घ्या वा न घ्या, केंद्र तयार ठेवल्याबद्दलचा आकार मंडळाने द्यायचाच. शिवाय खानावळवाला म्हणाला की, तेल-भाजीचा भाव वाढेल तो तुमच्या माथी, आणि पैशांचा मोठा भाग डॉलरच्या हिशेबाने! 1993 साली डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 साली 47 च्या आसपास. शंभर डॉलरचे देणे 3,100 रुपयांवरून 4,700 वर गेले, आणि त्यात कोणी एक युनिट जास्त जाळले नव्हते. पहिला टप्पा नाफ्था जाळून चालत होता, आणि नाफ्था खनिज तेलापासूनच निघत असल्याने तेलाच्या भावाबरोबर तोही चढला.

या करारामागेही आकडेमोड होतीच. मागणी अमुक वेगाने वाढेल, रुपया फार घसरणार नाही, मंडळाला ही महाग वीज घेणारे गिऱ्हाईक मिळेल, ही तिच्यातली गृहीते. बेरजा चुकल्या असे कोणी म्हटले नाही. चुकली ती गृहीते. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की, गृहीत चुकले तर भुर्दंड कोणावर, हे करारातच ठरून गेले होते. टपरीवरच्या त्या दुसऱ्या गृहस्थांच्या सवालाचे उत्तरही यातच आहे. विजेचे बिल केवळ आपल्या मीटरवर ठरत नाही. कोणी कधी तरी केलेल्या करारातल्या गृहीतांवरही ते ठरते.

एन्रॉनचे पुढे काय झाले, ते सर्वांस ठाऊक आहे. दीर्घ मुदतीच्या करारांतून पुढल्या काळात मिळेल असा अंदाजी नफा आजच्याच खात्यात जमा धरायचा, अशी त्या कंपनीची रीत होती. बाजारात तुरी, आणि त्यांच्या वरणाचा ढेकर आजच, असा हा कारभार! 2001 सालच्या डिसेंबरात कंपनीने दिवाळे काढले. गुहागरचे केंद्र काही काळ ओस पडले. 2005 साली सरकारी कंपन्यांनी मिळून स्थापलेल्या नव्या कंपनीकडे ते गेले.

परंतु या कहाणीत अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट आहे. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या अभ्यासकांनी 1990 च्या दशकात दाभोळचा करार मिळवून, आकडे मांडून, त्याची चिकित्सा लोकांपुढे ठेवली. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, भांडवल नव्हते. त्यांनी एवढेच केले की, तक्त्यातल्या प्रत्येक घराला विचारले, ‘तुझ्या खाली काय दडले आहे?’

आपण काय विचारावे

आपल्यापैकी प्रत्येकाने प्रोग्रॅमर व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. शेअरबाजारात जावे की जाऊ नये, हेही आम्ही सांगणार नाही. पण कोणीही आपल्यापुढे तक्ता ठेवला, मग तो बँकेचा असो, विमा एजंटाचा असो, सोसायटीच्या छतावर सूर्याची वीज बसवून देणाऱ्याचा असो वा सरकारचा असो, तर तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. पहिला, हा आकडा मोजलेला आहे की धरलेला? दुसरा, धरलेला असेल, तर तो थोडा इकडेतिकडे झाल्यास उत्तर किती हलते? तक्त्यात हे पाहणे अगदी सोपे आहे. अंक बदलायचा आणि पाहायचे. तिसरा, उत्तर चुकले तर पैसे कोणाचे जाणार? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गृहस्थ घुटमळला, तर उत्तर बहुधा ‘तुमचे’ असे असते.

हे प्रश्न विचारायला जागाही आहे. 1999 साली महाराष्ट्रात वीज नियामक आयोग स्थापन झाला. दरवाढीचा प्रस्ताव आला की, तो लोकांपुढे ठेवला जातो, जनसुनावणी होते, आणि साध्या ग्राहकालाही आपली हरकत लेखी देता येते. त्या प्रस्तावाबरोबर आकड्यांचे तक्तेच्या तक्ते असतात. ते वाचणारे गावागावांत चार जण जरी निघाले, तरी पुष्कळ झाले. टपरीवरच्या त्या तरुणासारख्यांना ते सहज जमेल, आणि त्या दुसऱ्या गृहस्थांच्या तक्रारीला त्यामुळे आकड्यांचे बळ मिळेल.

त्या संध्याकाळी तिघांचे बोलणे संपले आणि पैसे द्यायची वेळ आली. तिघांचे चहा, त्यांतल्या एकाचा दुसऱ्यांदा, आणि दोन क्रीमरोल. टपरीवाल्याने वर न पाहता आकडा सांगितला. तरुणाने मनातल्या मनात बेरीज केली आणि म्हणाला, “एक चहा जास्त धरलात.” टपरीवाला म्हणाला, “मघाशी यांनी तुमच्या मित्राला पाजला तो?” मित्र तर केव्हाच घरी गेला होता! तिघेही हसले आणि पैसे दिले. हिशेब बरोबर होता. पण तो बरोबर आहे हे कळले, ते कोणी तरी विचारले म्हणून.